विठाबाई आणि रोहिणीताई

मैत्रिणींनो, मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते. नांदेड-लातूरकडच्या आपण कितीतरी जणी खंडोबाला जातो, भंडारा उधळतो, पोरांना पाळण्यात बसवतो आणि तमाशाच्या तंबूवरून मात्र पदर सावरून पुढे निघतो. घरचे पुरुष रात्री कुठं असतात, हे आपल्याला ठाऊक नसतं थोडंच!

याच आपण मुलीला कथ्थकच्या क्लासला हौसेनं घालतो. तेही एकेकाळी सोपं नव्हतं, बरं का. रोहिणी भाटे यांचा जन्म १९२४ चा, पाटण्याचा. १९४७ साली त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' काढली, तेव्हा पांढरपेशा घरातल्या मुलीनं पायात चाळ बांधले की लोक कुजबुजत. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या वर्षानुवर्षं शिकल्या. जुन्या संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला, स्वतःच्या रचना बसवल्या. १९७९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण मुलीच्या कथ्थकच्या परीक्षेचा निकाल शेजारणीला कौतुकानं सांगतो, त्यात रोहिणीताईंचा वाटा मोठा.

आता विठाबाई नारायणगावकर. १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या. वडील-चुलत्यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड, तीच त्यांची शाळा. दिवस भरलेले असताना त्या नाचायला उभ्या राहिल्या, मध्येच कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडानं तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. शेवटी प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला, अशी हकिकत सांगतात. आणि आपण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही! लोक हे शौर्य म्हणून सांगतात. मला मात्र तिकिटं घेऊन बसलेले लोक आणि फडातली जेवायची तोंडंच दिसतात.

१९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २००२ साली गेल्या, तेव्हा दवाखान्याचा खर्चही लोकांच्या मदतीवर भागवावा लागला. आता सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. लेक मंगला बनसोडे आईच्या फडातच शिकल्या आणि पुढं त्यांनी स्वतःचा फड उभा केला.

मी अर्धवेळ शिकवते. स्नेहसंमेलन जवळ आलं की मुली लावणीचा हट्ट धरतात आणि आयांचा निरोप येतो, "बाई, लावणी नको, दुसरं काही बसवा." सिनेमातलं कुठलंही गाणं चालतं हो, लावणीच तेवढी नको! यंदा तालमीआधी मी मुलींना विठाबाईंची हकिकत सांगितली. त्यांनी ती घरी जाऊन सांगितली. दोघींच्या आयांनी तरी नाहीच म्हटलं. तिसरीच्या आईनं आजीचं इरकली नऊवारी ट्रंकेतून काढून धाडलं, सोबत चिठ्ठी: "काष्टा नीट घट्ट घाला, पोर बारीक आहे."