मत्स्यपेटी पुन्हा सुरू करताना : आजारी कोण, मासा की पाणी?

उन्हाळ्याच्या सुटीत बंद ठेवलेली मत्स्यपेटी जून महिन्यात पुन्हा सुरू करण्याचा प्रसंग अनेक घरांत आणि शाळांत येतो. पेटी घासूनपुसून लखलखीत केली जाते, वाळू धुतली जाते, नळाचे ताजे पाणी भरले जाते आणि त्याच दिवशी आठ-दहा नवे मासे आणून सोडले जातात. चार-पाच दिवस सारे ठीक चालते. मग एखादा मासा कोपऱ्यात निपचित राहू लागतो, दुसरा पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करतो. घाईघाईने औषध आणले जाते आणि तरीही पंधरवड्यात पेटी रिकामी होते. कोणता तरी रोग आला, असा समज करून घेऊन प्रयत्न सोडून दिला जातो. वस्तुतः अशा पेटीत बहुधा आधी पाणी बिघडलेले असते. मासा त्यानंतर आजारी पडतो.

नितळ, पण विषारी

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच कुजणाऱ्या उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया मिसळत असतो. मुरलेल्या पेटीत वाळूवर आणि गाळणीत वाढलेले उपयुक्त जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन पदार्थ अल्प प्रमाणातही घातक, तर तिसरा त्यामानाने सौम्य होय. या जीवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. गाळणी बंद राहून वाळली किंवा क्लोरिनयुक्त पाण्याने धुतली गेली, की ते नष्ट होतात. म्हणून पुन्हा सुरू केलेली पेटी दिसण्यात जुनी असली, तरी तिचे पाणी पूर्णतः नवेच समजले पाहिजे.

क्लोरिनचा प्रश्न याहून तातडीचा आहे. नळाच्या पाण्यात प्रति लिटर ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असणे माणसाच्या आरोग्यासाठी आवश्यक मानले जाते. परंतु तेवढाच क्लोरिन माशांच्या नाजूक कल्ल्यांना इजा करतो. पावसाळ्याच्या तोंडावर साथीच्या भीतीने टी.सी.एल. पावडरीची मात्रा वाढविली जाते आणि शाळाही नेमक्या त्याच सुमारास उघडतात. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक जी ओ.टी. चाचणी घेतात, तीच येथे उपयोगी पडते. पाणी पिवळे झाले, तर त्यात क्लोरिन आहे असे समजावे आणि ते माशांसाठी वापरू नये. असे पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवून, पुन्हा चाचणी घेऊन मगच वापरावे.

निदानाचे तीन प्रश्न

औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : किती मासे आजारी आहेत, केव्हापासून आणि लक्षण कोणते?

पाणी भरल्यापासून काही तासांतच सर्व मासे सैरभैर झाले, तर प्रथम क्लोरिनचा संशय घ्यावा. पहिल्या आठवड्यात सर्वच मासे मलूल झाले व कल्ले लालभडक दिसू लागले, तर अमोनियाची शक्यता अधिक. पुढील आठवड्यांत मासे धापा टाकू लागले व कल्ले तपकिरी झाले, तर नायट्राइटचा विचार करावा. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. त्रास पहाटे वाढत असेल व हवेचा पंप लावताच कमी होत असेल, तर पाण्यात प्राणवायू अपुरा आहे.

याउलट एका माशापासून आरंभ होऊन लक्षणे इतरांत पसरत गेली, तर संसर्गाचा विचार करावा. अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणि दगडावर अंग घासण्याची सवय ही पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची खूण आहे. हा परजीवी त्वचेखाली असेतोवर औषध त्याला भिडत नाही. तो अंगावरून गळून, तळाशी विभागून, नवी पिल्ले पाण्यात पोहू लागली की मगच ती मरतात. म्हणून ठिपके नाहीसे होताच उपचार थांबवू नयेत. मात्र गोल्डफिश जातीच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर व छातीच्या परांच्या कडेवर विणीच्या काळात उठणारे पांढरे पुटकुळे हा रोग नव्हे. कापसासारखे पुंजके बुरशीचे असतात, तर झिजलेले पर बहुधा जीवाणूंमुळे झिजतात. हे दोन्ही विकार निकृष्ट पाण्यात दुबळ्या झालेल्या माशाला लवकर गाठतात.

उपाय

अमोनिया व नायट्राइट मोजण्याची साधी द्रावणे शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळतात. दोहोंचे प्रमाण शून्य असावे. तसे नसल्यास पेटीतील चौथा हिस्सा पाणी रोज बदलावे. नवे पाणी क्लोरिनमुक्त व त्याच तापमानाचे असावे. खाद्य दोन दिवस बंद ठेवून नंतर निम्मे द्यावे आणि पंप अखंड चालू ठेवावा. नायट्राइट आढळल्यास प्रति लिटर १ ग्रॅम साधे मीठ विरघळवून घालावे. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद व उंच पेटीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते, हे हिशेबासाठी ध्यानी ठेवावे. संसर्गाची खूण स्पष्ट असेल, तरच औषध योजावे व तेही शक्यतो रोगी मासा वेगळ्या भांड्यात ठेवून. कारण मिथिलिन ब्लूसारखी औषधे उपयुक्त जीवाणूंनाही मारक ठरतात.

यापुढे पेटी सुरू करताना एखाद्या निरोगी, मुरलेल्या पेटीतील गाळणीचा थोडा भाग ओला असतानाच आणून घालावा. आरंभी दोन-तीनच मासे सोडावेत आणि नंतरचे मासे दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून मग मिसळावेत.

पेटी नकोशी झाली, तरी मासे विहिरीत, तलावात वा नदीत सोडू नयेत. पेटीतून सुटलेला सकर मासा जलाशयांत वाढून स्थानिक मासेमारीला कसा उपद्रव देतो, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे.

शाळेतील पेटी हे विज्ञानाचे जिवंत पुस्तक होय. मासा मेला की पेटी धुऊन टाकण्यापेक्षा तो का मेला हे विद्यार्थ्यांनी पाणी तपासून शोधले, तर गावाच्या विहिरीकडे आणि नळाकडेही ते त्याच जागरूक नजरेने पाहू लागतील.