भूकंपसिद्धता : आजरा परिसराच्या संदर्भात

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात हिरण्यकेशीच्या खोऱ्यात वसलेला आजरा ओळखला जातो तो घनसाळ भातासाठी आणि मुसळधार पावसासाठी, भूकंपासाठी नव्हे. तथापि भारतीय मानक ब्यूरोच्या २००२ च्या संहितेने देशाचे दोन ते पाच या क्रमांकांचे जे चार भूकंपप्रवण विभाग पाडले, त्यांत हा परिसर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात येतो. शिवाय भूकंपासाठी ओळखले जाणारे कोयनानगर येथून सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे.

दख्खनचे पठार अचल आहे, हा समज ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने मोडून काढला. त्याची तीव्रता ६.३ होती. १९६२ पासून शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर त्या भागात धक्के जाणवू लागले होते. अशा भूकंपांना जलाशयप्रेरित भूकंप म्हणतात आणि कोयना हे त्यांचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे.

बांधकामाच्या दृष्टीने मात्र अधिक बोलका आहे तो ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. तीव्रता जवळपास तेवढीच, पण मृत्यू हजारोंच्या संख्येत. तेथील भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या; त्यामुळे त्या भक्कम वाटत. प्रत्यक्षात त्या भिंतीत दगडांचे दोन स्वतंत्र थर असत आणि मधल्या पोकळीत माती व खडीचा भराव. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. वर मातीचे जड माळवद. धक्क्याने थर फुगून अलग झाले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले.

आजऱ्याकडील कौलारू छप्पर त्या मानाने हलके, ही जमेची बाजू. धोका आहे तो आढ्याखालच्या उंच त्रिकोणी भिंतीचा आणि जुन्या मातीच्या भिंतीवर नवा स्लॅब टाकण्याच्या हौसेचा. ही हौस प्रस्तुत लेखकाला पुरापेक्षाही घातक वाटते. जांभ्याचे घर बांधताना जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छप्पर या तीन पातळ्यांवर चारही भिंतींना वेढणारी सलग सिमेंट-काँक्रीटची पट्टी द्यावी आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या सोडाव्यात. घर मोठा धक्का सोसते ते या बांधणीमुळे. भिंतीच्या जाडीमुळे नव्हे.

डोंगरउतारावरील वाड्यांना दरडीचे भय वेगळे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. १५१ माणसे दगावली. उतारावर नवी भेग पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही पूर्वचिन्हे होत. ती बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा गुराख्याच्या नजरेला आधी पडतात.

कोयना ४.२१, किल्लारी ३.५६, जपानमधील कोबे (१९९५) ५.४६ : तिन्ही वेळा पहाटेच्या, म्हणजे माणसे घरात झोपलेली असतानाच्या. कोबेत ढिगाऱ्यातून सुटलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी व शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबरे येथून आजऱ्याला यायची तर रस्ता तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणे स्थापन झाली, पुढे ‘आपदा मित्र’ योजनेतून स्वयंसेवकांना प्रशिक्षणही मिळू लागले. पण पहिले काही तास गावाचेच असतात.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने पहार, दोर, विजेऱ्या व स्ट्रेचर कुलपाबाहेर, हाताशी ठेवावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरांची यादी पोलीस पाटील व तरुण मंडळाकडे असावी. आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावा.