पाटे वाढले, पासिंग वाढलं का?

नारायणगावला टोमॅटोचा हंगाम असो की पिंपळगाव बसवंतला कांद्याचा लिलाव, बाजाराच्या रस्त्यावर मागून बसलेल्या पिकअपची रांग लागलेली असते. त्यावरचा आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे कमानवाल्याकडे जाऊन ‘दोन पाटे टाकून घ्या’. उपाय खोटा नाही. त्याच्याबद्दलच्या समजुती मात्र बऱ्याच खोट्या आहेत.

गैरसमज: पाटे वाढवले की गाडीची वजन वाहायची ताकद वाढते.

पाटे फक्त हौदा वर धरून ठेवतात. मालाचं वजन त्यांच्यातून एक्सलवर, बेअरिंगवर, रिमवर आणि शेवटी टायरवर उतरतंच, आणि यातलं काहीच कमानवाल्याकडे बदललेलं नसतं. टायरच्या बाजूला छापलेला भाराचा आकडा वाचून बघा. १०० असेल तर त्या टायरची मर्यादा ८०० किलो, ११० असेल तर १,०६० किलो, तीही हवा पुरेशी भरलेली असेल तरच. या किलोंमध्ये मालाबरोबर गाडीच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, हे बहुतेक जण विसरतात.

गैरसमज: पाटा जरा जाड टाकला तर फार फरक पडत नाही.

फार पडतो. सारख्या जाडीच्या पाच पूर्ण लांबीच्या पाट्यांत तसाच सहावा घातला, तर ताठपणा पाचव्या हिश्शाने वाढतो. पण जाडीचा हिशेब घनाचा आहे: पाटा दहा टक्के जाड केला तर तो सुमारे तेहेतीस टक्के ताठ होतो, दुप्पट जाड केला तर आठपट. मग माल उतरवून रिकामी परतणारी गाडी खड्ड्यात टणाटण उडते, मागचं चाक रस्ता सोडतं आणि पावसात ढुंगण फिरवते. ज्या गाड्यांना मुळातच दोन-तीनच पाटे असतात, मधे जाड आणि टोकांकडे निमुळते, त्यांना पाटे ‘कमी’ आहेत असं समजून मधे सपाट पाटा खुपसणं म्हणजे चांगल्या रचनेचा नास.

गैरसमज: गाडी बसली नाही म्हणजे सगळं ठीक.

माझ्या मते सगळ्यात धोक्याची समजूत हीच. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली असते. हौदा किती खाली बसला यावरून हा व्हॉल्व्ह माल ओळखतो आणि त्या मानाने मागच्या ब्रेकला दाब देतो. पाटे ताठ केले की भरलेली गाडीही उंचच राहते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक मऊ ठेवतो. कसारा किंवा माळशेज उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी लागेनासे होतात. पाटे बदलले की या व्हॉल्व्हची सेटिंग कंपनीच्या मापाप्रमाणे तपासून घेणं म्हणूनच त्या कामाचाच भाग आहे. कमानवाला विचारणार नाही, तुम्ही विचारा.

शॉकअप बदलले की गाडी उचलते, असंही ऐकू येतं. साधा शॉकअप वजन धरत नाही, फक्त पाट्यांचं हेलकावणं थांबवतो. हवेच्या पिशव्या गाडी समतल ठेवतात, पण पासिंग त्यांनीही वाढत नाही.

पैसे न लागणारा उपाय मात्र कोणी करत नाही: माल पुढे सरकवणं. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असेल आणि ३०० किलोच्या गोणी मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे ठेवल्या, तर मागच्या एक्सलवर ४०० किलो येतात आणि पुढचा एक्सल १०० किलोंनी हलका होतो. स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ते यामुळे.

माल पासिंगच्या आत असूनही गाडी बसत असेल, तर पाटे दमलेत. जुने ठोकून पुन्हा कमान देण्यापेक्षा दोन्ही बाजूंना नवा संच घाला, यू-बोल्टही नवे घ्या आणि काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळा. ढिल्या यू-बोल्टमुळे पाटा मधोमध तुटतो.

बाकी वजनकाट्यावर पाटे कोणी मोजत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.