एक कोठी, अनेक दारे

इ. स. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा आला आणि त्याच्या जोडीस तारायंत्रही. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने वऱ्हाडचा कापूस मागवावा आणि सहाएक आठवड्यांत तो आपल्या धक्क्यावर उतरवून घ्यावा, असे दिवस आले. पुढे १८७७ साली टपालखात्याने व्ही. पी.ची पद्धत सुरू केली. तेव्हा न पाहिलेल्या गिऱ्हाइकास माल विकणे ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यास नवी नव्हे. नवे आहे ते इतकेच, की गिऱ्हाईक आता एकाच दाराने येत नाही.

खामगावची चांदी नामांकित आहे. तेथील एखादी घरगुती पेढी डोळ्यांपुढे आणावी. दुकानातील कपाटात असलेली गणेशमूर्तीच पेढीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि ॲमेझॉन, फ्लिपकार्ट ह्यांसारख्या बाजारांवरही मांडलेली असते. दारे तीन-चार, मूर्ती मात्र एकच. समजा, सकाळी थोरल्या बंधूंनी ती आहेरासाठी आलेल्या पाहुण्यांस विकली, आणि त्याच घटकेस नाशिकच्या कोणा बाईंनी संकेतस्थळावर तिचे पैसे भरले. पैसे परत करता येतात. पण वास्तुशांतीचा मुहूर्त परत आणता येत नाही. शिवाय हे ऑनलाइन बाजार विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचा हिशेब ठेवतात. प्रमाण वाढले म्हणजे माल यादीत मागे पडतो, आणि फारच वाढले तर खातेही बंद होते. घरात मात्र बोल लागतो तो धाकट्यास. कारण संगणक त्याने आणला!

एकत्र कुटुंबातील गृहिणींस ह्यातील मर्म चटकन कळेल. कोठीची किल्ली एकीच्याच कमरेस का असे? चौघीजणी चार वेळा पीठ काढू लागल्या, तर सणाच्या सकाळी डबा रिकामा निघावयाचा. साठ्याचे सॉफ्टवेअर म्हणजे ही कमरेची किल्लीच होय. युनिकॉमर्स, झोहो इत्यादी भारतीय कंपन्यांनीही अशी साधने तयार केली आहेत. त्यांची रीत साधी आहे. प्रत्येक वस्तूस एक सांकेतिक क्रमांक द्यावयाचा आणि सर्व दारांवरील नोंदी त्या क्रमांकास बांधावयाच्या. कोणत्याही दाराने ऑर्डर आली, की ती ह्या एकाच वहीत उतरते, शिल्लक एकाने कमी होते, आणि उरलेला आकडा इतर सर्व दारांस कळविला जातो. बीजक व पार्सलावर चिकटविण्याची पत्त्याची चिठ्ठीही तेथेच तयार होते.

चांदीच्या बाबतीत एक निराळीच अडचण आहे. दोन मूर्ती दिसावयास सारख्या असल्या तरी वजनात गुंजभर फरक असतो, आणि भाव तर रोज हलतो. म्हणून प्रत्येक नगाची स्वतंत्र नोंद हवी आणि किंमत त्या दिवसाच्या भावास वजनाने गुणून, मजुरी व कर मिळवून, आपोआप बदलली पाहिजे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कबरोबर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक घेण्याची ऐच्छिक सोय झाली आहे. तोच वहीतील क्रमांक म्हणून वापरावा, असे आमचे मत आहे.

शेगावच्या कचोरीची गोष्ट ह्याच्या उलट. तेथे नग मोजण्यापेक्षा दिवस मोजणे महत्त्वाचे. खाद्यपदार्थ, पापड किंवा लोणची विकणाऱ्या घराने घाण्याची तारीख नोंदवून आधी संपणारा माल आधी पाठवावा.

आता थोडी कटू गोष्ट. यंत्र खोटी वही खरी करीत नाही. आरंभी सर्व माल हाताने मोजावा लागतो. गल्ल्यावर झालेली विक्री त्याच क्षणी नोंदवावी लागते. ‘रात्री लिहू’ म्हणणाऱ्या थोरल्यांपुढे उत्तमातले उत्तम सॉफ्टवेअर हात टेकते. बाजारांस आकडा पोहोचण्यासही काही वेळ जातो. ह्यास्तव ज्या मालाचे अनेक नग आहेत त्यातील एकदोन नग दाखवूच नयेत. परत आलेले पार्सल उघडून पाहिल्यावाचून शिलकेत मिळवू नये. महिन्यास दहा-बारा ऑर्डरी येणाऱ्या घरास तर साधी वही पुरे. दरमहा भाडे भरण्याचे कारण नाही.

हिशेबाचेही पाहावे. परप्रांतात माल पाठवावयाचा तर जीएसटीची नोंदणी सर्वसाधारणपणे आवश्यक आहे. राज्यातल्या राज्यात अशा बाजारांतून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांस १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर सूट मिळाली. नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या रकमेतून बाजार अर्धा टक्का कर कापून सरकारात भरतो. जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता. ही कापलेली रक्कम आपल्या नावे जमा दिसते की नाही, हे दरमहा बाजारवार ताडून पाहावे लागते. हे काम घरातील ज्या सुनेचे किंवा मुलीचे गणित चांगले असेल तिच्याकडे रीतसर, मोबदल्यासह, सोपवावे.