कामामोतो : नोकरदारांच्या संघातला गोलवीर

कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात जपानने आधी जर्मनीला आणि मग स्पेनला २-१ असं हरवलं. जपानी खेळाडू जर्मनीत, इंग्लंडमध्ये, स्पेनमध्ये खेळतात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. एवढं सगळं होऊनही जपानच्या पुरुष संघाकडून सर्वाधिक गोल करणारा खेळाडू शोधायला गेलं तर पन्नास-साठ वर्षं मागे जावं लागतं. हा माणूस खेळाडू म्हणून विश्वचषकात कधी उतरला नाही. व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून तो एकही सामना खेळला नाही. ट्रॅक्टरची आणि बोटींची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या ओसाकाच्या यानमार कंपनीत तो नोकरीला होता. त्याचं नाव कुनिशिगे कामामोतो. जपानच्या फुटबॉल संघटनेच्या नोंदीप्रमाणे ७६ सामने, ७५ गोल.

हा आकडा ऐकून कुणीही भुवया उंचावेल आणि त्यात थोडं तथ्यही आहे. त्या काळी आशियातले काही संघ फार कच्चे होते. १९६७ मध्ये फिलिपिन्सविरुद्धच्या एकाच सामन्यात जपानने १५ गोल केले आणि त्यातले ६ एकट्या कामामोतोचे होते. पण त्याची किंमत अशा सामन्यांवर ठरवली तर त्याच्यावर अन्याय होईल. ती ठरते १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, आणि त्याहून जास्त मेक्सिकोनंतरच्या पंधरा वर्षांत.

कामामोतोचा जन्म १५ एप्रिल १९४४ चा, क्योतोतला. युद्धानंतरच्या जपानमध्ये पोरांच्या हातात पहिल्यांदा यायची ती बेसबॉलची बॅट. बेसबॉल काय, जपान आणि अमेरिकेतच खेळतात, फुटबॉल खेळलास तर जग बघशील, असं प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षकांनी त्याला सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे. पुढे क्योतोतल्या यामाशिरो हायस्कूलमधून तो टोकियोच्या वासेदा विद्यापीठात गेला. १९६६ च्या हंगामात वासेदाने कंपन्यांचे तगडे संघ मागे टाकून सम्राट चषक जिंकला. त्यानंतर आजवर कुठल्याही विद्यापीठाला तो जिंकता आलेला नाही.

विद्यापीठात असतानाच १९६४ चं टोकियो ऑलिंपिक आलं. यजमान म्हणून लाज राखायची तर काही तरी करायला हवं, म्हणून जपानने १९६० मध्येच पश्चिम जर्मनीतून डेटमार क्रामर यांना प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतलं होतं. हेच क्रामर पुढे १९७५ आणि १९७६ मध्ये बायर्न म्युनिकला युरोपियन चषक जिंकून देणार होते. जपानमध्ये मात्र त्यांनी बिगरीपासून सुरुवात केली. चेंडू पायाच्या आतल्या बाजूने कसा द्यायचा, अंगावर आलेला चेंडू कसा थोपवायचा, हे राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंकडून त्यांनी पुन्हा पुन्हा घोटून घेतलं.

टोकियोत जपानने अर्जेंटिनाला ३-२ असं हरवून सगळ्यांना चकित केलं. त्या सामन्यात १-२ अशा पिछाडीवर असताना वीस वर्षांच्या कामामोतोने क्रॉस दिला आणि साबुरो कावाबुचीने झेपावत हेडर मारून बरोबरी साधली. हा कावाबुची पुढे जपानच्या व्यावसायिक लीगचा पहिला अध्यक्ष झाला. पुढच्या फेरीत चेकोस्लोव्हाकियाने चार गोल चढवून जपानला घरी बसवलं. जाताना क्रामर यांनी सुचवलं की देशभराची लीग सुरू करा, प्रशिक्षक तयार करा, हिरवळीची मैदानं करा. त्यातली लीग १९६५ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. संघ कुणाचे? मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज, हिताची, फुरुकावा इलेक्ट्रिक, यावाता स्टील. खेळाडू कंपनीचे नोकर, सरावाला जायचं ते नोकरी सांभाळून. मुंबईच्या मैदानांवर टाटा, महिंद्र, कॅलटेक्सचे संघ ज्यांनी पाहिले, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

१९६७ मध्ये पदवी घेऊन कामामोतो यानमारमध्ये रुजू झाला. यानमार तेव्हा लीगमधला दुबळा संघ होता. त्याच वर्षी ब्राझीलहून तिथल्या जपानी कुटुंबातला नेल्सन योशिमुरा यानमारमध्ये आला. लीगमधला तो पहिला परदेशी खेळाडू. पायात चेंडू चिकटल्यासारखा खेळणारा योशिमुरा आणि त्याच्यापुढे कामामोतो, ही जोडी जमली आणि यानमारचे दिवस पालटले.

मेक्सिको ऑलिंपिकची पात्रता फेरी त्याच वर्षी शरद ऋतूत टोकियोत झाली. दक्षिण कोरियाविरुद्धचा सामना ३-३ असा सुटला. कामामोतोने ३-२ अशी आघाडी मिळवून दिली होती, ती कोरियाने लगेच पुसली आणि शेवटी शेवटी त्यांचा एक फटका आडव्या खांबाला लागून परत आला. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले आणि जपान पुढे गेला तो गोलांच्या हिशोबावर. फिलिपिन्सवर चढवलेले ते पंधरा गोल असे कामी आले.

१९६८ च्या सुरुवातीला कामामोतोला एकट्याला पश्चिम जर्मनीत झारब्र्युकेनला पाठवण्यात आलं. तिथे त्याला दोनेक महिने शिकवलं युप डेरवाल यांनी. पुढे १९८० मध्ये पश्चिम जर्मनीला युरोपचं विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक ते हेच. पोर्तुगालच्या युसेबियोची फिल्म तो तिथे पुन्हा पुन्हा पाहत असे. चेंडू पायाशी येण्याआधीच शरीर गोलच्या दिशेने वळलेलं कसं असतं आणि चेंडू थोपवणं व मारणं या दोन क्रिया एकच कशा होतात, हे त्याने त्या फिल्ममधून उचललं. परतलेल्या कामामोतोचा खेळ पाहून सहकारीसुद्धा चक्रावले.

त्याची खरी मिळकत होती एक जागा. गोलच्या उजवीकडे, पेनल्टी क्षेत्राच्या कडेला, साधारण ४५ अंशांच्या कोनात. तिथून तो उजव्या पायाने गोलच्या दूरच्या खांबाकडे तिरका फटका मारायचा. या जागेवरून गोलरक्षकाला जवळचा खांब सोडता येत नाही आणि दूरचा कोपरा तर झाकायचा असतो, आणि तेवढ्या अर्ध्या पावलाच्या घोटाळ्यात चेंडू जाळ्यात जातो. कामामोतोने ही एक जागा हजारो फटक्यांनी पक्की करून ठेवली होती. तिथे चेंडू मिळाला की त्याला मान वर करून गोल कुठे आहे ते पाहावं लागत नसे. त्याची उंची सहा फुटांच्या आसपास होती, खांदे रुंद होते, डावा पाय आणि डोकंही चालत होतं. त्यामुळे बचावपटूंनी ती जागा अडवली तरी सुटका नव्हती.

मेक्सिकोत पहिल्याच सामन्यात नायजेरियाविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली आणि जपान ३-१ असा जिंकला. याच सामन्यात कर्णधार शिगेओ याएगाशी जायबंदी झाला. ब्राझीलशी १-१ अशी बरोबरी झाली. स्पेनविरुद्धचा सामना गोलशून्य सुटला. गटात पहिलं आलो तर उपांत्यपूर्व फेरीत यजमान मेक्सिकोशी गाठ पडेल, म्हणून बरोबरीवर थांबा, असा निरोप प्रशिक्षक केन नागानुमा यांनी मैदानात धाडला होता. गोल करण्यासाठीच जन्मलेल्या माणसाला गोल करू नकोस असं सांगायचं! पण डाव साधला. उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सवर ३-१ असा विजय मिळाला, त्यात कामामोतोचे दोन गोल होते. उपांत्य सामन्यात हंगेरीने मात्र पाच गोलांनी धुलाई केली.

मग २४ ऑक्टोबर १९६८. अझ्टेका स्टेडियम, कांस्यपदकाचा सामना, समोर मेक्सिकोच आणि भोवती लाखभर माणसं मेक्सिकोच्या नावाने ओरडणारी. पहिल्या वीस मिनिटांच्या आसपास र्युइची सुगियामाने डाव्या बगलेने मुसंडी मारून चेंडू आत पाठवला. कामामोतोने तो छातीवर झेलला, खाली पडू दिला आणि डाव्या पायाने मारला. मध्यंतर जवळ आलं असताना पुन्हा सुगियामाचा पास आला आणि या वेळी लांबून उजव्या पायाचा फटका बसला. २-० झाले. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच मेक्सिकोला पेनल्टी मिळाली, ती गोलरक्षक केन्झो योकोयामाने अडवली. घरचा संघ काही करत नाही हे पाहून चिडलेल्या प्रेक्षकांनी बसायच्या गाद्या मैदानात भिरकावल्या आणि शेवटी ते जपानच्याच नावाने ओरडू लागले. कामामोतोचे स्पर्धेत ७ गोल झाले. सर्वाधिक गोल त्याचेच.

फ्रान्सचा तो संघ हौशी खेळाडूंचा होता हे खरं. पण पूर्व युरोपातले देश याच ऑलिंपिकमध्ये आपले पहिल्या फळीतले खेळाडू हौशी म्हणून उतरवत होते, आणि मेक्सिकोला घरच्या मैदानावर हरवणं हौशी-व्यावसायिक कुणालाही सोपं नव्हतं.

फुटबॉलमधलं ते आशियाचं पहिलं ऑलिंपिक पदक. बारा वर्षांपूर्वी मेलबर्नला भारत त्याच्या उंबरठ्यावरून परतला होता. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटांच्या संघातून खेळलेला नेव्हिल डिसूझा याने तेव्हा ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली होती आणि ४ गोलांसह तो स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला होता. भारत चौथा आला. जपानला कांस्य मिळाल्यावर दोनच वर्षांनी, १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत, भारताने कांस्यपदकाच्या सामन्यात जपानला १-० असं हरवलंही. तेव्हा दोन्ही देश साधारण एका पायरीवर होते, ही गोष्ट आज दोन्हीकडे विसरली गेली आहे.

पदकानंतर जपानमध्ये फुटबॉलची लाट आली. नोव्हेंबर १९६८ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर यानमार विरुद्ध मित्सुबिशी, म्हणजे कामामोतो विरुद्ध सुगियामा, हा लीगचा सामना पाहायला सुमारे ४०,००० लोक आले. पण पुढच्याच वर्षी कामामोतोला विषाणूजन्य कावीळ झाली. सोलमधल्या विश्वचषक पात्रता सामन्यांना तो मुकला आणि जपान बाहेर पडला. ऐन पंचविशीत, युरोपातल्या क्लबांची दारं किलकिली होण्याच्या वेळी, यकृताने दगा दिला.

पण सगळं खापर काविळीवर फोडणं पुरेसं नाही. ज्या देशात व्यावसायिक फुटबॉलपटू ही नोंदच नव्हती, ज्या राष्ट्रीय संघाचं सर्वोच्च ध्येय हौशी खेळाडूंचं ऑलिंपिक होतं, तिथे परदेशात पैसे घेऊन खेळायला जाणं म्हणजे ऑलिंपिकवर पाणी सोडणं होतं. कंपनीची नोकरी आयुष्यभराची हमी देत होती, आणि त्या हमीनेच पायात बेडी घातली होती. यासुहिको ओकुदेरा १९७७ मध्ये फुरुकावातून कोलोनला गेला तेव्हा कामामोतो तेहतीस वर्षांचा होता आणि त्याच वर्षी तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. जपानच्या संघटनेने खेळाडूंना व्यावसायिक म्हणून नोंदवून घ्यायला सुरुवात केली ती १९८६ मध्ये.

मधली वर्षं रिकाम्या बाकांची होती. लाट ओसरली, लीगचे सामने मूठभर लोकांपुढे होऊ लागले, जपान एकामागून एका ऑलिंपिकला अपात्र ठरत गेला. पदक एका पिढीने आणलं, पण तिच्यामागे उभी राहील अशी दुसरी पिढी तयारच झाली नव्हती. क्रामर यांच्या सूचनांपैकी लीगसारखी झटपट होणारी गोष्ट झाली. मैदानं, मुलांचे संघ, प्रशिक्षकांची फळी यांना वेळ लागला. या पडत्या काळात कामामोतो खेळत राहिला, हेच त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम आहे. यानमारने १९७१, १९७४, १९७५ आणि १९८० मध्ये लीग जिंकली. १९७८ पासून तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता. सात हंगामांत तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. १९८१ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, लीगमधला त्याचा २०० वा गोल झाला. पुढच्या वर्षी टाचेचा स्नायुबंध तुटला. १९८४ मध्ये तो थांबला तेव्हा २५१ सामन्यांत २०२ गोल जमा होते. दुसऱ्या कुणालाही त्या लीगमध्ये दोनशेचा टप्पा गाठता आला नाही, आणि आता ती लीगच उरलेली नाही.

ऑगस्ट १९८४ मधल्या त्याच्या निरोपाच्या सामन्याला पेले आणि पश्चिम जर्मनीचा वोल्फगांग ओव्हेराट खेळायला आले. राष्ट्रीय स्टेडियम साठ हजारांवर प्रेक्षकांनी भरलं. जपानी माणसाला फुटबॉल नको होता असं नाही, त्याला बघण्याजोगं काही मिळत नव्हतं, एवढाच त्या गर्दीचा अर्थ.

कावाबुचीच्या पुढाकाराने १५ मे १९९३ रोजी जे-लीग सुरू झाली. कामामोतो तिथे होता, पण यानमारचा नव्हे, ओसाकातल्याच प्रतिस्पर्धी गाम्बाचा प्रशिक्षक म्हणून. यानमारचा संघ पहिल्या दहांत नव्हता. सेरेझो ओसाका हे नवं नाव घेऊन तो १९९५ मध्ये आला. प्रशिक्षक म्हणून कामामोतोला खेळाडूसारखं यश मिळालं नाही, गाम्बा त्याच्या हाताखाली विजेतेपदाच्या जवळपासही पोचला नाही. १९९५ ते २००१ तो जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात होता. फुटबॉल संघटनेचा उपाध्यक्ष म्हणून त्याने २००२ च्या विश्वचषकाच्या तयारीतही भाग घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्याचं निधन झालं.

मेक्सिकोतलं ते कांस्य आजही जपानच्या पुरुष संघाचं एकमेव ऑलिंपिक पदक आहे. २०१२ मध्ये लंडनला दक्षिण कोरियाने कांस्यपदक हिरावलं. कोविडमुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात पुन्हा मेक्सिको समोर आला आणि या वेळी त्याने ३-१ अशी परतफेड केली. राष्ट्रीय संघाच्या गोलांच्या यादीत कामामोतोच्या खाली काझुयोशी मिउरा ५५ वर आणि शिंजी ओकाझाकी ५० वर आहे. दोघांचीही राष्ट्रीय संघातली कारकीर्द संपली आहे. आता सामने अटीतटीचे असतात, चांगला आघाडीपटू युरोपातल्या हंगामातून वेळ काढून वर्षाला दहाएक सामने खेळतो. त्याने दर दोन सामन्यांमागे एक गोल केला, कधी जायबंदी झाला नाही आणि कधी वगळला गेला नाही, तरी ७५ वर पोचायला त्याला पंधरा वर्षं लागतील.