कोपरीची खाडीवाट : निघण्यापूर्वी

सुरुवात : ठाणे स्थानक, पूर्व बाजू. १६ एप्रिल १८५३ ची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली होती.

वाट : चेंदणी कोळीवाडा, मग मीठबंदर रोडने खाडीकडे.

सोबत : खाडी जाणणारा स्थानिक वाटाड्या, दुर्बीण, जुनी चप्पल.

दिसेल : तिवरं, चिखलात उड्या मारणारे निवटे, बगळे, नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो).

हंगाम : नोव्हेंबर ते मे.

वेळ : ओहोटी. कोळ्यांचा ठोकताळा : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नवाच्या सुमारास. खाडीत थोडा उशीर धरावा.

दर्जा : ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ.

जोडून : ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटफेरी.