कोंबडी माणसाळते म्हणजे काय?

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी गुलाब लावावेत, ब्रिज खेळावे किंवा आत्मचरित्र लिहावे, असा आपल्या मंडळात एक अलिखित संकेत आहे. मी कोंबड्या पाळल्या. इंदूरच्या वेशीवर घराभोवती थोडी मोकळी जागा आहे आणि गेली अकरा वर्षे तेथे कधी सात, कधी पंधरा अशा त्या नांदत आहेत. भेटीस येणारे समव्यवसायी विचारतात, "अंडी किती मिळतात?" त्यांच्यासोबत आलेली नातवंडे मात्र विचारतात, "आजोबा, त्या तुम्हाला ओळखतात का?" मला दुसरा प्रश्न अधिक शास्त्रीय वाटतो.

ओळखतात, यात शंका नाही. दाणे देणारा कोण आणि झाडूने हाकलणारा कोण, हे त्यांना लवकरच कळते. परंतु ओळख आणि जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जवळीक जातीगणिक फार बदलते. व्हाइट लेगहॉर्न अंड्यांच्या बाबतीत अतिशय दानशूर. इटलीतील लिव्होर्नो बंदरावरून तिला हे नाव पडले. पण माणसाची सावली पडताच ती अशी उधळते, की जणू मी पहिल्यांदाच अंगणात आलो आहे. ऱ्होड आयलंड रेड शांत, काहीशी व्यवहारी. पायांत घोटाळेल, पण उचलून घेतलेले तिला फारसे रुचत नाही. तिच्या काही कोंबड्यांचा, म्हणजे नरांचा, स्वभाव मात्र पोटरी शोधण्याचा असतो, हे पायजमा घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या मालव्याच्या शेजारचा कडकनाथ हा खरा अभ्यासाचा विषय. झाबुआ, अलीराजपूर, धार या पट्ट्यात भिल्ल व भिलाला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही जात. तिकडे तिला 'कालामासी' म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि शहरात त्याचा बराच गवगवा झाला. पिसे, कातडी, मांस, हाडांवरचे आवरणदेखील काळे. तो चपळ, सावध, अंतर राखून असणारा. माझ्याकडील कडकनाथ माद्या हातातील दाणा टिपतात, पण एक डोळा सदैव माझ्या दुसऱ्या हातावर ठेवून.

आता गंमत पाहा. चीनमधून जगभर गेलेली सिल्की ही कोंबडीदेखील आतून अशीच काळी. कातडीचा हा काळेपणा दोघींतही एकाच जनुकीय फेरबदलातून येतो. रंगपेशींना चेतना देणाऱ्या एंडोथेलिन-३ या जनुकाच्या जादा प्रती त्यास कारणीभूत आहेत. परंतु सिल्कीची पिसे केसांसारखी मऊ, तिला धड उडता येत नाही आणि मांडीवर ठेवली तर तेथेच डोळे मिटते. वारंवार खुडूक बसणारी, दुसरीची पिल्लेही पंखाखाली घेणारी. कातडी एक, स्वभाव दोन. वर्णावरून स्वभाव ठरवणाऱ्यांसाठी हे उदाहरण मी राखून ठेवले आहे.

असील या जातीविषयी लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज आढळतो. आंध्राच्या किनारपट्टीत संक्रांतीला झुंजवला जाणारा हा कोंबडा दुसऱ्या नराचा जीव घेईल, पण पाळणाऱ्याच्या हातात अत्यंत सौम्य असतो. कारण सरळ आहे: झुंजीच्या कोंबड्याला रोज हाताळावे लागते, मालिश करावी लागते, भर झुंजीत उचलून घ्यावे लागते. जो माणसावर उलटला, त्याचा वंश पुढे चालवण्यात कोणास रस असणार? झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे आणि तो असावाच. पण त्या क्रूर खेळाने एक माणसाळलेला पक्षी घडवला, हेही खरे.

या निवडीचा पुरावा प्रयोगशाळेतही मिळाला आहे. सर्व कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठात पेर येन्सेन यांच्या गटाने रानकोंबड्यांतून केवळ माणसाला कमी घाबरणारे पक्षी निवडून त्यांची वीण वाढवली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, या निर्भय वंशाच्या रक्तात सेरोटोनिनचे प्रमाण अधिक आढळले, आणि खाल्लेल्या अन्नाचे वजनात रूपांतरही ते अधिक चांगले करत होते. निवड भीतीची केली, बदलले शरीर! त्याआधी २०१० मध्ये पाळीव कोंबड्यांच्या जनुकसंचात थायरॉइड उत्तेजक संप्रेरकाच्या ग्राहकाचे जनुक मानवी निवडीची ठळक खूण बाळगून असल्याचे दिसले होते. थायरॉइडचे अहवाल वाचण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून अंगणाकडे नव्याने पाहावेसे वाटले.

तरीही जात म्हणजे केवळ भीतीचा उंबरठा. पहिल्या काही दिवसांत पिल्लू ज्याच्या मागे धावते, त्याला ते आपले मानते. डग्लस स्पाल्डिंग यांनी ही गोष्ट पिल्लांवर प्रयोग करून १८७३ सालीच नोंदवली होती. रोज हातावर घेतलेली लेगहॉर्न ही कधीच हात न लागलेल्या सिल्कीपेक्षा माझ्या अधिक जवळ येते, हे मी स्वतः पाहिले आहे.

पाळणारे मात्र प्रेमाची लक्षणे चुकीच्या जागी शोधतात. हात पुढे करताच अंड्यावर आलेली कोंबडी पंख किंचित पसरून खाली बसते. मालकाला वाटते, नमस्कार केला. प्रत्यक्षात ती नरासाठीची बैठक आहे. नर एक पंख जमिनीला घासत आपल्याभोवती फिरतो, ते स्वागत नव्हे. आणि कोंबडीला पाठीवर निजवले की ती निपचित पडते, याला तर अनेक जण विश्वास समजतात. ती भीतीची परमावधी आहे. 'टॉनिक इममोबिलिटी' या नावाने संशोधक तिचाच काळ मोजून पक्षी किती भित्रा ते ठरवतात. खरी जवळीक बिनबोभाट असते: दाणे संपल्यावरही न जाणे, शेजारी पिसे विंचरत बसणे, डोळे मिटणे.

हा विषय वैद्यकाच्या दारात मागील वर्षी आला. माझ्याकडे पूर्वीपासून येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट व थोडे प्रेडनिसोलोन घेतात आणि पतीच्या निधनानंतर एकट्या राहतात. भाच्याने त्यांना दोन सिल्की आणून दिल्या. परदेशातील मुलाने फोनवर फर्मावले, "त्या कोंबड्या आधी देऊन टाक." बाईंनी मला विचारले, "डॉक्टर, तुम्हीच सांगा. संध्याकाळी त्या मांडीवर येतात, तेवढाच वेळ घर रिकामे वाटत नाही."

मुलाची काळजी अनाठायी नव्हती. निरोगी दिसणारी कोंबडीही साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर बाळगू शकते. अमेरिकेत २०२० या एका वर्षात घरगुती कोंबड्यांशी निगडित साल्मोनेलाचे १,७०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. प्रतिकारशक्ती दबलेल्या व्यक्तीला आणि पाच वर्षांखालील मुलाला हा आजार जड जातो. आणि धोका उधळणाऱ्या लेगहॉर्नकडून नव्हे, तर मांडीवर येणाऱ्या सिल्कीकडून अधिक.

मी त्यांच्या घरी गेलो. कोंबडी मांडीवर, बाई पदराने तिची चोच पुसत होत्या आणि थोड्या वेळाने त्याच पदराने स्वतःचा घाम. तेव्हा पदर हेच निदान ठरले. मांडीवर जाड एप्रन, कोंबडी चेहऱ्याजवळ नाही, स्वयंपाकघरात प्रवेश नाही, खुराड्यासाठी वेगळ्या चपला, साफसफाई भाच्याने करायची, अंडी पूर्ण शिजवूनच, आणि उठल्याबरोबर साबणाने हात. जुलाब किंवा ताप आला तर वाट न पाहता कळवायचे आणि कोंबड्या आहेत हे प्रत्येक डॉक्टरला सांगायचे. त्यांच्या संधिवाततज्ज्ञांशीही मी बोललो. कोंबड्या राहिल्या. मुलाला मी स्वतः फोन केला. तो अजून पुरता राजी नाही, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही.

आणखी एक सूचना केवळ त्यांच्यासाठी नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत खुद्द इंदूरच्या कावळ्यांत व झाबुआच्या कडकनाथांत बर्ड फ्लू सापडला होता. पक्षी अचानक पटापट मेले तर हात लावू नये. पशुवैद्यकीय खात्याला कळवावे.

कोणास जात निवडताना मत हवे असल्यास अवश्य यावे. मात्र दिवेलागणीच्या आधी. अंधार पडला की सगळ्या खुराड्यात जाऊन बसतात आणि मग त्या कोणाचीच ओळख दाखवत नाहीत.